नवस, कौल आणि बुडालेली होडी: घरच्या टेबलावरच्या एका जादूपद्धतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो: टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. आमचा गट सहा जणांचा. पाच खेळाडू आणि गेम मास्टर, म्हणजे जग आणि नियम सांभाळणारी, म्हणून मी. पुण्यात, एक शनिवार सोडून एक शनिवार, संध्याकाळी पाच ते नऊ. गटातल्या सगळ्यांनी वाचून हो म्हटल्यावरच हे लिहिते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, ज्यानं त्यानं खेळात जे पात्र घेतलं होतं त्यावरूनच ओळख ठेवली आहे.

देवरुषी खेळणारा मुलगा बावीस वर्षांचा, वास्तुकलेचा विद्यार्थी. वैद्य खेळणारी शाळेत विज्ञान शिकवते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं आहे. किल्ल्यावरून पळालेला शिपाई आणि कळसूत्री बाहुल्या खेळवणारी, ही दोघं नवराबायको, दोघंही सॉफ्टवेअरमधली. आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, खेळणारे काका: मूळचे मालवणचे, बँकेतून निवृत्त झालेले, गटात सगळ्यांत मोठे. ते सोडले तर बाकी सगळे मला ताई म्हणतात.

आधी तीन वर्षं आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळलो. तिथे जादूचा हिशेब स्पेल स्लॉटवर चालतो, एक मंत्र टाकला की एक स्लॉट खर्च. पाचव्या पातळीच्या विझर्डकडे, म्हणजे जादूगार पात्राकडे, दिवसाला नऊ स्लॉट असतात: पहिल्या पातळीच्या मंत्रांचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. वापरले की संपले, आठ तास विश्रांती घेतली की परत आले. या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. १९७४ पासून ती या ना त्या रूपात टिकून आहे, कारण किंमत आधी माहीत असते आणि जो जादू करतो तोच ती मोजतो. ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मला आजोळचं काहीतरी खेळात आणायचं होतं. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. तिथे लहानपणी ऐकलेलं गाऱ्हाणं अजून कानात आहे. गावकार किंवा घरातला वडीलधारा देवापुढे उभा राहून मागणं मांडतो आणि दर वाक्याला मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ कौलही पाहिलेला: पाषाणावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कुणी बोलत नाही. खेळातल्या जादूला असा श्वास रोखून धरणारा क्षण हवा, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून मी एक कल्पित किनारा रचला. खाड्या, जुवे (खाडीतली बेटं), जांभ्या दगडाच्या घाट्या, आणि प्रत्येक खाडीला, डोंगराला, वाटेला एक राखणदार. जादू माणसाकडे नाहीच, ती राखणदाराची. माणूस फक्त मागू शकतो आणि बदल्यात नवस बोलू शकतो.

जादूची पहिली घडण

नवसाचे तीन आकार ठेवले. नारळ म्हणजे एक ऋण, कोंबडा म्हणजे तीन, जत्रा म्हणजे सहा. नारळाला वाऱ्यात दिवा टिकेल, कुत्रं भुंकायचं थांबेल. कोंबड्याला धुकं उतरेल, जखम मिटेल. जत्रेला उधाण मागे फिरेल. फासे टाकायचे नाहीत. मागितलं की मिळालं, ऋण कार्डावर लिहिलं गेलं. नवस फेडायचा तर खेळात त्या राखणदाराच्या जागी परत जाऊन खरोखर फेडायचा.

कार्डावर ऋण बारापर्यंत पोचलं की ‘वसुली’. राखणदार स्वतः येणार आणि ‘जे जिवलग असेल ते’ घेऊन जाणार. जिवलग काय, ते प्रत्येकानं पात्र तयार करताना कार्डावर एका ओळीत लिहायचं होतं.

किंमत उशिरा येते यात गोष्ट आहे, असं माझं म्हणणं होतं. ते मी आजही सोडलेलं नाही. पण त्या नियमात तीन भोकं होती आणि लिहिताना मला त्यातलं एकही दिसलं नाही.

पहिली कुरबुर दुसऱ्याच सेशनला झाली. शिपायाला साप चावला आणि देवरुष्यानं कोंबडा बोलून विष उतरवलं. वैद्य खेळणारी बराच वेळ गप्प होती. खेळ संपल्यावर म्हणाली, “ताई, साप चावला की दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मी रविवारी गावोगाव हेच सांगत फिरते. शनिवारी संध्याकाळी त्याच्या उलटं खेळायला मला जड जातं. आणि मग माझी वैद्य इथे करायची काय?”

तिचा मुद्दा मी मनापासून मान्य केला, पण नियम बदलला नाही. ‘कल्पित जग आहे’ एवढं म्हणून पुढे गेले. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो मी हातचा घालवला. तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे तिच्या पात्राला काम काय, हा निव्वळ रचनेचा प्रश्न होता. जादू सगळंच करू शकत असेल तर ती येत नसलेल्या माणसाला टेबलावर जागा उरत नाही.

पाचवा शनिवार

चार सेशन झाले तेव्हा ऋणाची कार्डं अशी होती: शिपाई तीन, बाहुल्यांवाली दोन, वैद्य शून्य, तांडेल एक आणि देवरुषी अकरा. त्यानं हिशेब अचूक ठेवला होता. बाराच्या आत सगळं फुकट आहे हे नियम वाचणाऱ्या कुणालाही कळलं असतं. त्याला कळलं, आणि त्यानं ते वापरलं.

पाचव्या सेशनला मंडळी एका जुव्यावर अडकलेल्या अकरा माणसांना काकांच्या होडीतून बाहेर काढत होती. ही होडी काकांनी पहिल्याच दिवशी विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढली होती. उलांडी, शीड, वल्ह्यांच्या जागा, पुढच्या टोकावर डोळा. तो कागद ते दर वेळी खिशातून काढून टेबलावर पात्राच्या कार्डाशेजारी ठेवायचे.

खाडीच्या मुखाशी उधाण आलं. काका होडी वाळूच्या दांड्यामागे कशी आडोशाला न्यायची ते सांगत होते, वेग किती, वल्हं कुठल्या बाजूनं. तेवढ्यात देवरुषी उभा राहिला आणि म्हणाला, “राखणदारा, पाणी फिरव. तुझी जत्रा भरवीन.”

अकरा अधिक सहा, सतरा. वसुली लागली.

त्याच्या कार्डावर ‘जिवलग’ची ओळ रिकामी होती. ना घर, ना माणूस, ना वस्तू. त्यानं ती चलाखीनं रिकामी ठेवली नव्हती, सुचलं नाही म्हणून राहिली होती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन घोट चहा प्यायले आणि ठरवलं की राखणदार मंडळीतलं जे जिवलग दिसेल ते नेईल. पाणी फिरलं, अकराही माणसं दांड्यावर उतरली, आणि शेवटचा माणूस उतरल्यावर खाडीनं होडी आत ओढून घेतली. वर्णन मी चांगलं केलं होतं. अगदी पुढचा डोळा पाण्याखाली जाईपर्यंत.

काकांनी विजेचं बिल उचललं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत. उरलेला तास ते प्रश्नाला उत्तर देण्यापुरतं बोलले. पुढच्या शनिवारबद्दल मी गटात विचारलं तेव्हा काका आणि वैद्य, दोघांनीही उत्तर दिलं नाही.

दोष नेमका कुठे होता

मी पाचही जणांना वेगवेगळे फोन केले. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं असतं तर काकांनी ‘काय नाय, चलता’ म्हणून विषय मिटवला असता. ते तसेच आहेत.

काका म्हणाले, “होडी बुडाली त्याचा काय नाय गो. होडये बुडतत. पण बुडवताना माका कोणी इचारूक नाय.”

देवरुषी खेळणारा रडकुंडीला आला होता. “ताई, मी नियमात होतं तेच केलं ना?” हो, त्यानं नियमात होतं तेच केलं. त्याला बोल लावणं सोपं होतं आणि गटात एकानं तसं सुचवलंही. पण नियम जे करायला उत्तेजन देतो तेच खेळाडू करतो. अकरापर्यंत नवस फुकट ठेवल्यावर अकरा नवस बोलले जाणारच.

फोन संपल्यावर तीन गोष्टी वहीत वेगळ्या काढल्या.

पहिली, किमतीचा कडा. शून्यापासून अकरापर्यंत जमीन सपाट आणि बाराला दरड. कार्डावरचा आकडा वाढत होता, पण खेळात काहीच बदलत नव्हतं. मेज: द असेन्शन या १९९३ च्या खेळातही जादूचा उलटा तडाखा साठत जातो, पण तिथे लोकांच्या डोळ्यांदेखत उघड जादू केली तर तो जास्त साठतो. म्हणजे जादू कशी करायची हा विचार दर वेळी करावा लागतो. माझ्याकडे तो विचार फक्त बाराव्या ऋणाला होता.

दुसरी, आणि खरी दुखरी: मागणारा एक, फेडणारा दुसरा. स्लॉटच्या पद्धतीत हे घडूच शकत नाही. माझ्या पद्धतीत ते एका रिकाम्या ओळीमुळे घडलं.

तिसरी, ‘जिवलग’ काय हे शेवटी मी एकटीनं ठरवलं. किमतीचा अर्थ फक्त गेम मास्टरच्या डोक्यात असेल तर खेळाडूला सौदा करताच येत नाही. तो फक्त माझ्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसतो.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सरळ पर्याय पुन्हा स्लॉटकडे जाण्याचा होता. राखणदार तोच, पण दिवसाला तीन मागणी, संपली की संपली. कुणाची होडी बुडाली नसती. शिपाई खेळणाऱ्याला हेच हवं होतं आणि त्याची बाजू भक्कम होती: आठवड्याच्या शेवटी दमून आलेल्या माणसाला हिशेब सोपा हवा. पण मग गाऱ्हाणं कशाला आणि नवस कशाला? नुसती नावं कोकणातली राहिली असती.

दुसरा पर्याय किंमत आधी घेण्याचा, किंवा जादूबरोबर लगेच. १९८९ च्या शॅडोरनमध्ये मंत्र टाकला की त्याचा ताण तिथल्या तिथे अंगावर येतो. त्या धर्तीवर ‘आधी नारळ ठेव, मग माग’ असा नियम करून आम्ही अर्धं सेशन खेळून बघितलं. खेळाडूंनी गावात शिरताच चाळीस नारळ विकत घेतले आणि पाऊण तास ते वाहायचे कसे यावर चर्चा झाली. बैल लागेल का, होडीत किती मावतील. जादूचा बाजार झाला. नवसातली ओढ ही ‘अजून द्यायचं आहे’ यात असते, ती या नियमानं पुसून टाकली.

तिसरा पर्याय फाशांचा. कौल फाशांवर आणायचा आणि बाकी ऋणाचं ओझं त्या कौलावर टाकायचं. सहा बाजूंचे दोन फासे आणि तीन पायऱ्यांचा निकाल ही रचना २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून बऱ्याच खेळांनी घेतली आहे: दहा किंवा वर पूर्ण यश, सात ते नऊ यश पण खोट, सहा किंवा खाली फसलं. उजवा कौल, अट घालणारा कौल, डावा कौल. हे इतकं चपखल बसलं की मी सुरुवातीलाच का केलं नाही याचं नवल वाटलं.

चौथा पर्याय मी शोधलाच नव्हता, तो काकांनी दिला. फोनवर बोलताना ते सहज म्हणाले, “आमच्याकडे एकटो माणूस गाऱ्हाणां घालणा नाय. मागे सगळे ‘व्हय’ म्हणतत, म्हणून तां गाऱ्हाणां.” आजोळी डझनभर वेळा ऐकलेली गोष्ट. माझ्या नियमात गाऱ्हाणं होतं, पण मागे उभी असलेली माणसं नव्हती.

जादू पूर्ण काढून टाकायचाही पर्याय वैद्य खेळणारीनं मांडला. त्यावर आम्ही फार बोललो नाही, कारण तिलाच तो शेवटी नको होता. तिला सीमा हवी होती.

काय केलं

आधी सीमा आखली. १९८७ च्या आर्स मॅजिकामध्ये पाच क्रिया आणि दहा विषय जोडून मंत्र बनतात. त्यातली जोडण्याची कल्पना घेतली आणि पाच क्रिया ठरवल्या: दाखव, झाक, फिरव, थांबव, राख. पाच विषय: पाणी, वारा, वाट, जनावर, आवाज. पंचवीस जोड्या. गाऱ्हाणं यातूनच घालायचं. ‘शरीर’ हा विषय यादीत नाही. ताप, विष, जखम, बाळंतपण हे राखणदाराच्या हातात नाही, ते वैद्याचं काम. कुठल्याही खऱ्या देवाचं नाव घ्यायचं नाही, राखणदार सगळे कल्पित, हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

याचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा खूप मोठा झाला. पुढच्याच सेशनला पुन्हा साप चावला (हे मी मुद्दाम केलं). या वेळी देवरुष्यानं ‘वाट दाखव’ मागितली आणि रात्रीच्या जंगलातून वैद्याला वेळेत झोपडीपर्यंत आणलं. उपचार वैद्यानं केले. दोघांना मिळून एक प्रसंग मिळाला, जो जुन्या नियमात एका कोंबड्यात संपला असता.

मग कौल. दोन फासे. मागणाऱ्याच्या कार्डावर जितके नवस बाकी तितके वजा. मागे जितके जण ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील तितके अधिक. जत्रेच्या नवसाला आणि नारळाच्या नवसाला वजाबाकी सारखीच, एक. आकडेमोड कमी व्हावी म्हणून.

आणि वसुली रद्द. गाऱ्हाणं घालतानाच तीन गोष्टी तोंडानं बोलायच्या: काय हवं, काय देणार, कधीपर्यंत देणार. ‘पुढच्या पुनवेच्या आत दांड्यावर दिवा बांधीन.’ मुदत चुकली तर तो राखणदार तुमचं काही हिरावून घेणार नाही, पण नवस फिटेपर्यंत त्याचा प्रत्येक कौल डावा. न बोललेली किंमत घ्यायचा अधिकार माझ्याकडे उरला नाही. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये फासे टाकण्याआधी कुणीही ‘सैतानी सौदा’ मांडू शकतो: एक जास्त फासा घे, पण अमुक घडेल. तिथे किंमत आधी उच्चारली जाते आणि खेळाडू नाही म्हणू शकतो. मला तेच हवं होतं, नवसाच्या भाषेत.

एक चूक इथेही झाली. पहिल्या मसुद्यात ‘व्हय’ म्हणणाऱ्यांमध्ये नवस वाटला जायचा. जत्रेचे सहा पाच जणांत, म्हणजे प्रत्येकी जेमतेम एक. झालं असं की दर गाऱ्हाण्याला पाचही जण ओरडायला लागले. मागणारा सोडून चौघे म्हणजे चार अधिक, आणि चार अधिक असले की फाशांवर नुसतं सहा आलं तरी स्वच्छ उजवा कौल. म्हणजे ३६ पैकी २६ वेळा, शेकडा ७२. आवाज घुमत होता, पण त्याला वजन नव्हतं. एकाच संध्याकाळी हे दिसलं आणि तिथेच थांबून बदललं. आता ‘व्हय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावर नवस अख्खा लागतो. जत्रा बोलली तर तुम्हीही जत्रा भरवायला बांधलेले. अधिक जास्तीत जास्त तीन. आणि कार्डावर तीन नवस बाकी असतील तर मागताही येत नाही आणि ‘व्हय’ही म्हणता येत नाही.

यानंतर आकडे नीट बसले. कुणीच मागे नाही आणि ऋणही नाही, तर उजवा कौल शेकडा १७, अटीचा आणि डावा प्रत्येकी ४२च्या आसपास. दोघे मागे आणि एक नवस बाकी, म्हणजे एक अधिक, तर उजवा २८, अटीचा ४४, डावा २८. दोन नवस बाकी असताना एकट्यानं मागितलं तर डावा कौल शेकडा ७२. म्हणजे ऋणी माणसाला मागण्यासाठी माणसं लागतात, आणि माणसं मागे येण्याआधी विचारतात: तुझं आधीचं कधी फेडणार? हा प्रश्न मी नियमात लिहिला नव्हता. तो टेबलावर आपोआप उभा राहिला.

शेवटचा तुकडा बाहुल्यांवालीनं सुचवला. अटीचा कौल आला तर अट कोण घालणार? ज्यानं ‘व्हय’ म्हटलं नाही, तो. बाजूला राहिलेल्यालाही त्यामुळे प्रसंगात हात मिळतो. सगळ्यांनीच ‘व्हय’ म्हटलं असेल तर मी घालते.

होडीचं काय

नियम बदलले तरी होडी खाडीच्या तळाशीच होती. पाचवं सेशन पुसून टाकावं, होडी परत द्यावी, असं देवरुषी खेळणाऱ्यानं स्वतः म्हटलं. मलाही ते सोपं वाटत होतं. पण होडी काकांची, म्हणून प्रश्न काकांना विचारला, सगळ्यांसमोर, आणि उत्तर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही असं ठरवून.

काकांनी होडी परत घेतली नाही. अकरा माणसं तिच्यामुळे तरली, ते पुसायचं नाही म्हणाले. त्याऐवजी त्यांनी उभं राहून गाऱ्हाणं घातलं, आमच्या टेबलावरचं पहिलं खरं गाऱ्हाणं, त्यांच्या ठेक्यात. “बा खाडीच्या राखणदारा, म्हाराजा…” वाट दाखव म्हणाले, नव्या होडीसाठी फणसाचं जुनं झाड आहे तिथपर्यंतची. बदल्यात पहिली फेरी खाडीची, आणि जुव्यावरच्या लोकांना वर्षभर होडीनं फुकट ने-आण.

चौघांनीही एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. चौघांच्याही कार्डावर नवस लागला. फाशांवर पाच आणि दोन, अधिक तीन, दहा.

निकाल

त्यानंतर सहा सेशन झाले. कुणी गेलं नाही. देवरुष्याव्यतिरिक्त आणखी तिघांनी गाऱ्हाणी घातली. एकूण जादू निम्म्यावर आली असेल, पण प्रत्येक मागणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. देवरुषी खेळणारा आता मागण्याआधी टेबलाभोवती नजर फिरवतो. ते बघायला मला फार आवडतं.

वेळ मात्र वाढला. एका गाऱ्हाण्याला आठ-दहा मिनिटं जातात, आणि लढाईच्या मध्यात ती खटकतात. शिपाई खेळणारा आजही म्हणतो की त्याला स्लॉट चालले असते. त्याचं म्हणणं खोटं नाही. झटपट लढायांचा खेळ हवा असेल तर ही पद्धत त्याला योग्य नाहीच.

एक नवीन दुखणंही निघालं. दोन सेशनसाठी एक पाहुणी आली होती. ती प्रत्येक वेळी ‘व्हय’ म्हणायची. नंतर कळलं, नाही म्हणायची भीड वाटायची, सगळे इतक्या जोरात म्हणतात तर आपण गप्प कसं बसायचं. ज्या नियमामुळे काकांना आवाज मिळाला त्याच नियमानं तिचा आवाज दाबला. म्हणून आता आधी मूठ. प्रत्येकानं टेबलाखाली मुठीत तांदळाचा दाणा धरायचा किंवा नाही, आणि एकदम मुठी उघडायच्या. ज्यांच्या मुठीत दाणा त्यांनीच मग मोठ्यानं म्हणायचं. थोडी लय तुटते. मी ती तुटू देते.

आज पुन्हा करायचं तर

पाचव्या शनिवारचा तो चहाचा घोट मला परत हवा आहे. तेव्हा मी खेळ थांबवून एवढंच विचारायला हवं होतं: ‘वसुली लागली आहे, कार्डावर काही नाही, काय करूया?’ पाच मिनिटं गेली असती. मला वाटलं होतं की थांबलं तर प्रसंगाची धार जाईल. कौलाची वाट बघताना आजोळी दहा-दहा मिनिटं कुणी हलत नसे आणि धार वाढतच जायची, हे मला ठाऊक होतं, फक्त तेव्हा आठवलं नाही.

कार्डावरची रिकामी ओळ खेळ सुरू व्हायच्या आधी बघायला हवी होती. किंमत ज्या ओळीवर टांगलेली आहे ती ओळ रिकामी ठेवून खेळ सुरू करू द्यायचा नाही.

वैद्य खेळणारीचं म्हणणं दुसऱ्या सेशनलाच ऐकायला हवं होतं. जादूनं काय करता येत नाही, हे मी आता सगळ्यात आधी लिहिते. पंचवीस जोड्यांच्या आधी, नवसाच्या आकारांच्या आधी.

आणि दोन सेशन नुसत्या चाचणीची खेळायला हवी होती, जिथे कुणाचं काही जिवलग पणाला लागलेलं नाही. वाटून घ्यायच्या नवसातला दोष एका संध्याकाळी दिसला. बाराव्या ऋणाचा कडाही तितक्याच लवकर दिसला असता.

पुढच्या महिन्यात हीच पद्धत तिघांच्या गटाबरोबर खेळायची आहे. तिथे मागणारा सोडला तर मागे दोघेच, म्हणजे तीन अधिक कधी होणारच नाहीत आणि दोन नवस बाकी असलेला माणूस जवळजवळ मुका होईल. म्हणून प्रत्येकाचा पहिला बाकी नवस वजाबाकीत धरायचा नाही असं ठरवलं आहे. काकांनी त्यांचं विजेचं बिल मला दिलंय, त्या गटाला होडी कशी काढायची ते दाखवायला.